स्वयंपाकघर नसलेली खोली

आईचा व्हिसा संपत आला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या बाळंतपणासाठी ही बाई अकोल्याहून पहिल्यांदाच विमानात बसली आणि तेव्हापासून तिने जर्मनी म्हणून जे काही पाहिलं, ते आमचं गार्चिंगचं स्वयंपाकघर, खालचं सुपरमार्केट आणि बाळाची गाडी ढकलत यू-बानच्या स्टेशनापर्यंतचा रस्ता. एवढ्यावर तिला परत पाठवलं असतं, तर मला जन्मभर चुटपुट लागून राहिली असती.

कारण मी आज धड उभी आहे ती तिच्यामुळे. अळिवाची खीर, मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी, सगळं तिने माझ्या घशाखाली उतरवलं. घरी तपासायला येणाऱ्या हेबामेने, म्हणजे इथल्या सुईणीने, बाळाला आठवड्यातून एकदा अंघोळ पुरे असं बजावलं, तेव्हा आईने हसून मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापवायला ठेवलं. बाळ तेल लावून घेताना असं सुखाने हातपाय ताणायचं की पुढे त्या सुईणीनेही विषय काढला नाही.

तर आईला कुठेतरी न्यायचं ठरलं. फार लांब नको, बाळ लहान. नवरा म्हणाला, "आल्झो, तर मग इटलीतल्या गार्डा तळ्याला जाऊ या. सकाळी म्युनिकहून गाडीत बसायचं, आल्प्स ओलांडायचे, मग पुढे बस. रिवा गाव अगदी तळ्याच्या काठावर आहे. आईंना चढ-उतार नको." तो इथल्या एका संस्थेत संशोधक आहे. सहल ठरवायची म्हणजे आधी अभ्यास, मग आनंद. लिफ्ट आहे का, बस कुठे थांबते, बोटीत बाबागाडी चढते का, हे सगळं त्याने शोधून काढलं. फक्त प्फिंग्स्टनची, म्हणजे इथल्या सणाची, सुट्टी तोंडावर आलीय हे विसरला. त्या सुट्टीत आमचं अख्खं बायर्न राज्य त्या तळ्याकाठी जाऊन बसतं. जिथे बघावं तिथे जागा नाही. आई गेल्यावर काय तळी बघायची, म्हणून मी त्याच्यावर डाफरले.

शेवटी एक फेरीनवोनुंग मिळाली. सुट्टीपुरतं भाड्याने मिळणारं घर, त्यात छान स्वयंपाकघर. आपली माणसं प्रवासाला निघाली की आधी गॅस कुठे ते बघतात, त्यामुळे घर शोधताना 'स्वयंपाकघर हवं' या रकान्यात आम्ही आईला न विचारताच खूण केली होती. मी फोटो आईसमोर धरले. खिडकीतून निळंशार तळं दिसत होतं. आईने बोटांनी फोटो मोठा केला तो शेगडीचा.

"चार आहेत. बरं झालं," ती म्हणाली आणि लगेच लहान कुकर कापडात गुंडाळायला लागली. डाळ, तिखट, बाजरीचं पीठ, सगळं एका पिशवीत. मला वाटलं, खूश झाली.

जेवताना नवऱ्याने सहज विचारलं, "आई, तुम्हाला तिथं काय बघायचंय? बोटीतून फिरायचं की किल्ला?"

"अहो, माझं काय! तुम्ही दोघं फिरून या. मी बाळाला घेऊन थांबते, तेवढ्यात भात टाकते. अजिंठ्याला नव्हते का मी खाली थांबले?"

अजिंठा मला आठवत होता. मी शाळेत होते. आमच्या वस्तीतली माणसं एका बसने गेली होती. लेणी बघून, निजलेल्या बुद्धांसमोर हात जोडून आम्ही खाली आलो, तर झाडाखाली पिठलं-भात तयार होता. भुकेच्या पोटी मी दोनदा वाढून घेतलं होतं.

"म्हणजे तुम्ही लेणी पाहिलीच नाहीत?" नवऱ्याने घास हातातच धरला.

"बसभर माणसांचा भात कोण बघणार होतं?" आई हसली. तिच्या आवाजात कुरकुर अजिबात नव्हती. घरात रोज बुद्धवंदना म्हणणारी बाई अजिंठ्याच्या पायथ्याशी जाऊन परत आली होती आणि आता आम्ही तिला इटलीतल्या एका शेगडीपाशी नेऊन बसवणार होतो.

जेवण झाल्या झाल्या ते घर रद्द केलं. मग रिवातल्या हॉटेलांना फोन लावायचा सपाटा सुरू झाला. सगळीकडे नाही, नाही. नवरा बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता आणि माझा धीर सुटत चालला होता. एका ठिकाणी जर्मन बोलणारी बाई फोनवर आली. मी तिला खरं तेच सांगितलं, की आई परत चाललीय आणि तिला तीन महिन्यांत सुट्टी म्हणून मिळालेली नाही. ती "मोमेंट" म्हणून गेली आणि परत येऊन म्हणाली, कुणीतरी नुकतंच येणं रद्द केलंय, काठावरच्या दोन खोल्या आहेत. त्या न पाहिलेल्या बाईला मी किती वेळा डांके म्हटलं कोण जाणे.

आईला सांगितलं तेव्हा ती वैतागलीच. "स्वयंपाकघर नाही? बाळंतिणीने बाहेरचं खायचं?"

"तिथे साधा भात मिळतो, सूप मिळतं. मी विचारून घेतलंय."

"आणि सकाळचा चहा?"

"तेच देतात. नाश्ताही. आपण फक्त खाली जाऊन बसायचं."

तिने पिशवीतून कुकर बाहेर काढला आणि मांडीवर घेऊन बसली. "मग मी सकाळी उठून काय करू?"

आईने बराच विचार केला, मग तोंडावर पदर धरून लाजल्यासारखी हसली. "लोळत पडेन जरा," ती म्हणाली.

माझ्या आईला मी आजवर लोळताना पाहिलेलं नाही.