डॉक्टरांचे एकेचाळीस

कुमासीच्या त्या प्रयोगशाळेत आंटी अफ्रियेने एकतीस वर्षं काढली आणि एवढ्या वर्षांत मान द्यावा अशी माणसं तिला दोनच भेटली. त्यातला एक वारला, दुसरा रखवालदार होता. बाकी सगळा आनंद! त्या आनंदाचे शिरोमणी विभागप्रमुख डॉक्टर अमोआतेंग. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा कोट, पण ॲसिडची बाटली उघडायची म्हटली की याला हटकून मीटिंग आठवायची.

काम काय, तर कोकोच्या टरफलांतलं लिग्निन मोजायचं. झाडाला ताठ उभं ठेवणारा तो चिवट अंश. टरफलांची पूड जहाल ॲसिडमध्ये मुरवायची, पाणी घालून उकळायची. बाकीचं विरघळतं, तळाशी तपकिरी गाळ उरतो, तो वाळवून तोलायचा. इथेच थांबतो तो गाढव! पुढे तो गाळ भट्टीत जाळावा लागतो. लिग्निन जळून जातं, माती तेवढी उरते. ती वजा करायची.

डॉक्टरांनी आणलेली टरफलं रस्त्याकडेला लाल मातीत वाळलेली. गाळ भरला शंभरात एकेचाळीस. डॉक्टर नाचायचेच काय ते बाकी होते.

"एकेचाळीस! आंटी, अख्ख्या घानात एवढं कुणाला मिळालं नाही."

"मिळेल कसं? बाकीचे टरफलं धुऊन घेतात."

"भट्टीबिट्टी राहू द्या हो. वीज कुठे धड असते? वहीत एकेचाळीस लिहा आणि सही करा."

"जाळते आधी."

"आंटी," त्याने आवाजाला लोणी लावलं, "पुढच्या महिन्यात तुम्ही निवृत्त होताय. दोन वर्षांची मुदतवाढ माझ्या पत्रावर आहे, विसरू नका."

विसरेल कशी? मामपोंगातल्या तिच्या घराच्या भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हतं. पगार थांबला की छप्परही थांबणार होतं. तरी तिने गाळ जाळला. मुशीच्या तळाला लाल माती उरली, सतरा. वहीत 'लिग्निन चोवीस, माती सतरा' लिहून तिने सही ठोकली. डॉक्टरांनी वही उघडलीसुद्धा नाही. अहवालात एकेचाळीस छापून मोकळे.

निरोपाच्या दिवशी तळलेला भात होता, कोंबडी होती आणि जास्त लिग्निनची टरफलं दाबून फळ्या बनवणाऱ्या कारखान्याचे दोन पाहुणे होते. नाकाने कांदे सोलणारा हा डॉक्टर मुदतवाढीच्या पत्राचं पाकीट हातात धरून बोलायला उभा राहिला.

"या बाईने एकतीस वर्षांत खोट्या आकड्यावर सही केली नाही! म्हणून आमचे एकेचाळीस म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

टाळ्या पडल्या. एका पाहुण्याने विचारलं, "आंटी, मोजलंत तुम्हीच ना?"

पाकीट तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. माना डोलावणाऱ्यांचा तिने जन्मभर तिटकारा केला, आणि आज तिचीच मान डोलायला बघत होती. शी! स्वतःचीच किळस आली तिला.

"मीच मोजलं. चोवीस आहे," ती म्हणाली. "वरची सतरा माती. वही कपाटात आहे, सही बघून घ्या."

पाकीट कोटाच्या खिशात गेलं.

"दोन वर्षं घालवलीत, आंटी," डॉक्टर दातांतल्या दातांत म्हणाले.

"दोनच ना? एकतीस वाचली."

ती खाली बसली. छपराच्या आठवणीने डोळे भरून आले, तसं तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या माणसाला तेवढंही दिसायला नको होतं.