झोराइदेची साक्ष

पेलोतास शहरातल्या कारखान्यात पीच सोलणाऱ्या झोराइदेला आवाज ऐकू येत, याचा फायदा तिच्या धाकट्या भावाने, आदाइरने, बरोबर उठवला. आई गेल्यावर त्याने तिला कोर्टातून वेडी ठरवून घेतलं, स्वतः तिचा पालक झाला आणि तिला इस्पितळात टाकून, आईने झोराइदेच्याच नावावर केलेल्या घरात बायकोला घेऊन राहायला गेला. एकदा दोघं भेटायला आले, तेव्हा बायकोच्या अंगावर आईची शाल होती.

झोराइदेला ऐकू येणारा आवाज एका म्हातारीचा. त्या दिवसापासून ती म्हातारी एकच घोकू लागली: "घर पेटव. ते दोघं आत असताना पेटव."

चार वर्षांनी सुटका झाली, तेव्हा झोराइदे सरकारी केंद्रात मानसतज्ज्ञ नेइवाकडे जाऊ लागली. बरं व्हायला नव्हे; शहाणी असल्याचा कागद हवा होता, आणि तसं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. नेइवाने शिमाराँवचा, म्हणजे तिकडच्या कडू चहाचा, पेला तिच्या हातात दिला आणि विचारलं, म्हातारी एवढी कशावर चिडलीय? आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी गोळ्याच वाढवल्या होत्या.

पेला रिकामा करून झोराइदे म्हणाली, "मी चिडत नाही ना, म्हणून ती चिडते."

मग वर्षभर ती म्हातारीशी बोलायला शिकली. रोज पाच वाजता, अर्धा तास. एरवी आवाज आला, की पाचला ये म्हणून बजावायची. म्हातारी कुरकुरत का होईना, ऐकू लागली. राग तसाच राहिला, फक्त आता तो झोराइदेचा स्वतःचा होता.

मग भावाचं पालकत्व रद्द व्हावं म्हणून तिने कोर्टात अर्ज केला. सुनावणीत आदाइरच्या वकिलाने हसत विचारलं, "बाई, अजून आवाज येतात?"

"येतात. आत्ताही येतोय."

"काय म्हणतोय?"

"तुमच्या अशिलाला जाळ म्हणतोय. मी तिला सांगितलंय, काडीची गरज नाही, न्यायाधीशबाई आहेत."

न्यायाधीशबाईंनी तिला तासभर खोदून खोदून विचारलं आणि भावाचं पालकत्व रद्द केलं. घर सोडायला त्याला तीस दिवस मिळाले.

एकोणतिसाव्या दिवशी ती घर बघायला गेली, तेव्हा तो फाटकाशी आला. "ताई, थंडी सरेपर्यंत राहू दे ना."

"परवा कुलूप बदलतेय," झोराइदे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये सामान चढवताना त्याची कंबर धरली, तरी ती पायरीवरून उठली नाही. ट्रक वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.

पुढच्या भेटीत नेइवाने विचारलं, आता कसं वाटतंय?

"छान वाटतंय," ती म्हणाली. "आणि त्याला माफ करा म्हणून सांगू नका."

नेइवा म्हणाली, तसं सांगायचा माझा विचारही नव्हता.