कुंडीकाकू आणि काकांची सवत

कुंडीकाकूंना खऱ्या नावानं हाक मारलीत तर त्या वळूनही बघणार नाहीत. कुंडीकाकू म्हणा, लगेच 'ओ' देतील. त्यांच्या गच्चीत पाय ठेवायला जागा नाही. फुटक्या बादल्या, तेलाचे डबे, जुनं हेल्मेट, जिथे मूठभर माती मावेल तिथे या बाईनं काहीतरी लावलंय.

काका, म्हणजे त्यांचे यजमान, कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले. उभ्या जन्मात त्यांनी एका रोपाला तांब्याभर पाणी घातलं नाही, आणि वर त्याचाच तोरा! झाडांना ते 'माझ्या सवती' म्हणत. अहो, सवत बायकोला असते, नवऱ्याला नाही, पण सांगायचं कुणी? थोरली सवत म्हणजे लिंबाचं झाड. वर्षानुवर्षं ते नुसतीच पानं मिरवत होतं. "तुझं लिंबू आणि माझी बढती," काका म्हणायचे, "दोन्ही यायचंच राहिलं."

आणि यंदा लिंबाला फळं धरली! बोराएवढी, हिरवीगार. "तुमच्या बढतीचं बघा आता," काकूंनी ठणकावून सांगितलं. त्या दिवशी त्यांनी शेजारणींना जिन्यावरून ओढत नेऊन झाड दाखवलं.

त्याच सुमारास डोंगरापलीकडचं जंगल पेटलं. वणवा लांब, पण धूर थेट गल्लीत. भरदुपारी दिवे लावायची पाळी आली, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडू लागली. काकांना जुना दमा. डॉक्टरांनी बजावलं, "एक खोली बंद करा, खिडकीच्या फटी चिकटपट्टीनं बुजवा, दाराखाली ओला टॉवेल लावा. यांना आता धूर सोसायचा नाही." काकू वरून शांत दिसत होत्या, पण आतून पार घाबरल्या होत्या.

खोली बंद करून झाल्यावर त्या तोंडाला मास्क बांधून गच्चीत गेल्या आणि एकेक पान धुवायला लागल्या. राख पुसायची नाही, पुसली की पानाला ओरखडे पडतात. पण धुवून पाठ वळते न वळते तोच पुन्हा राख. मग त्यांना सुचलं. झाडं हवा शुद्ध करतात, हे तर शाळेतलं पोरही सांगेल! कुंड्या काकांच्या खोलीत नेल्या की झाडंही वाचतील आणि काकाही. सुनेला हाताशी घेऊन त्यांनी लिंबासकट डझनभर कुंड्या आत आणल्या, तिथेच पानांना अंघोळी घातल्या.

"सवती उशाशी आणून ठेवल्यास होय!" काका हसले, आणि हसता हसता खोकले.

तो खोकला थांबेचना. बाहेरचा धूर थोडा विरळ झाला तरी काकांची छाती भाता चालवावा तशी वाजत होती. काकूंनी आधी चिकटपट्टीला बोल लावला, मग सुनेला. "तू दार उघडं टाकतेस!"

"नाही हो आई," सून म्हणाली. "पण रागावणार नसाल तर एक सांगू? या खोलीत कुबट वास येतोय."

काकू वाकल्या. लिंबाच्या ओल्या मातीवर पांढरी बुरशी धरली होती. शेजारच्या कुंडीतही. मागची भिंत ओलसर. काखेत कळसा आणि गावाला वळसा! "अगं बाई, मीच गं!" एवढंच त्या म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

बसल्या, पण फार वेळ नाही. पदर खोचला आणि सुनेबरोबर कुंड्या बाहेर काढायला लागल्या. लिंबाची पाळी आली तेव्हा काकांनी हात वर केला. धापा टाकत म्हणाले, "तेवढं एक राहू दे गं. फळं गळतील त्याची."

"गळू देत," काकू म्हणाल्या. "लिंबू बाजारात मिळतं. तुम्ही कुठे मिळणार आहात?"

ज्या झाडासाठी त्यांनी बहिणीकडचं लग्नकार्यसुद्धा धावतपळत उरकलं होतं, ते त्यांनी धुरात नेऊन ठेवलं. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मला तरी हे जमलं नसतं, खोटं कशाला बोलू?

खोली पुसून कोरडी केली आणि काकांचा श्वास हळूहळू सुधारला. लिंबाची फळं मात्र गळाली, एकूण एक. काकूंनी ती झाडून सुपलीत भरली आणि टाकून दिली.

मग वारा फिरला, आभाळ निवळलं. सकाळी काकूंना जाग आली तर काका अंथरुणात नाहीत. त्या धसकून गच्चीत धावल्या. काका लिंबासमोर स्टूल टाकून बसले होते आणि हातरुमालानं पानावरची राख पुसत होते.

"अहो, पुसू नका! ओरखडे पडतात!"

काकांचा हात थबकला. त्यांनी स्टूल थोडं बाजूला सरकवलं आणि पाण्याचा तांब्या काकूंपुढे धरला.

"मग शिकव की," ते म्हणाले.

फळं गळताना कोरडे राहिलेले काकूंचे डोळे तेव्हा मात्र वाहायला लागले.