शिळं पेट्रोल

ह्यांची दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार पुन्हा चालू करायचं मी अखेर ठरवलं. हे गेल्यापासून तिच्यावरची ताडपत्री कुणी काढली नव्हती. दत्तामिस्त्रींनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, हे सगळं काढून टाकावं लागणार. पार नासलंय."

"थोडं राहू दिलं तर नाही चालणार?"

"नव्यालाही बिघडवेल ते. लोणचं आहे का, मुरत ठेवायला?"

मी हसले. ते पेट्रोल ह्यांनी भरलं होतं, पहाटे पाचगणीला निघायचं म्हणून, आदल्या संध्याकाळी. ती पहाट आम्ही दवाखान्यात काढली, आणि मग मी एकटीच घरी आले.

मिस्त्रींनी नळी लावली. डब्यात कोऱ्या चहासारखं गडद काहीतरी पडू लागलं. पेट्रोल नासतं, हे मला ठाऊकच नव्हतं. झाकून, न हलवता ठेवलं की सगळं जसंच्या तसं राहतं, असं मी धरून चालले होते. ह्यांचा आवाजही मी मनात तसाच जपून ठेवला आहे. हल्ली तो नीट ऐकू येत नाही.

नवी बॅटरी बसवून नवं पेट्रोल घातल्यावर गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. अगदी पूर्वीसारखी.

"बघा वहिनी, काही विसरली नाही!" मिस्त्री खुशीत म्हणाले.

मी मान डोलावली. खरं तर ती विसरली होती, म्हणूनच सुरू झाली होती. मी खाली वाकले आणि जुन्या पेट्रोलच्या त्या डब्याचं झाकण घट्ट लावून टाकलं.