बुरुजाचे दगड

आमच्या गावाच्या जुन्या तटाची दुरुस्ती चालली आहे. काल बुरुजापाशी एक म्हातारे गवंडी दगड बसवून पाहत होते. मी सहज विचारलं, "बाबा, जुने दगड पुरतील का?"

"कुठले पुरतात? लोकांनी घरांना नेले."

आमच्या मागच्या दाराच्या पायऱ्या त्याच दगडांच्या आहेत. घर बांधताना मी आणि ह्यांनी ते हातगाडीवरून आणले. पडलेलेच होते, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. पण दोन आम्ही पहारीनं उचकटले होते. तोफांना दाद न देणारा तट असा आपल्याच माणसांनी उतरवला.

"तुम्ही इथल्याच का, ताई?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले, "बहिणीकडे आलेय."