कुंपणापलीकडच्या नासपत्या

गेशे लोरेन्झन बूड टेकून बसलीय, असं आमच्या गावात कुणी पाहिलेलं नाही. जेवते तीसुद्धा अर्धी उभ्यानं. बाहत्तर वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतात, पण पायाला भिंगरी लावल्यासारखी परसातून शेगडीपाशी आणि शेगडीपासून तळघरात अशी दिवसभर फिरत असते. दुकानातून ती मीठ, साखर, पीठ, दूध आणि खारवलेलं डुकराचं मांस आणते. बाकी सगळं तिच्या वाफ्यांतलं. वसंतात रुबार्बचे आंबट दांडे, तेही चोवीस जूनपर्यंत. त्यानंतर एक दांडा मोडू देणार नाही, मग दारात खुद्द पाद्री येऊन उभा राहिला तरी. जूनमध्ये मटार नि नवलकोल, जुलैत करंट नावाच्या लाल आंबट फळांची घट्ट लापशी, हिवाळ्यात पहिला कडक गारठा पडला की कोबीच्या जातीचा तो कुरळा पाला. ज्या आठवड्याचं जे, ते त्याच आठवड्यात शिजलं पाहिजे. आठवडा चुकला की हिचं डोकं फिरलं म्हणून समजा.

तिच्या जिवाला सगळ्यात जास्त घोर लागतो तो ऑगस्टच्या शेवटी. तेव्हा वेलावरच्या फरसबीचा शेवटचा बहर असतो आणि स्वयंपाकाच्या नासपत्या नुकत्या पडायला लागलेल्या असतात. या नासपत्या इवल्याशा, दगडासारख्या टणक. कच्च्या खाल तर तोंड वाकडं होईल. पण खारवलेलं मांस शिजत आलं की त्यावर फरसबी घालायची, तिच्याच जोडीला लावतात तो तिखट वासाचा पाला घालायचा आणि वर देठासकट अख्ख्या नासपत्या रचायच्या. अर्ध्या तासात त्या लोण्यासारख्या होतात. देठाला धरून उचलायच्या आणि तोंडात सोडायच्या. बाहेरगावचे लोक आधी नाक मुरडतात, फळ आणि मांस एका पातेल्यात म्हणून. मग तेच दुसऱ्यांदा ताट पुढे करतात. हा पदार्थ वर्षातून जेमतेम बारा-पंधरा दिवस होतो. एरवी शेंग असते तेव्हा फळ नसतं, नाही तर फळ असतं तेव्हा शेंग नसते.

आता खरी गोम सांगते. फरसबी गेशेची, पण नासपतीचं झाड तिचं नाही. ते कुंपणापलीकडे, तिच्या नणंदेच्या, एल्सबेच्या परसात. सासऱ्यांनी परसाचे दोन वाटे केले, तेव्हा घर मुलाला, म्हणजे गेशेच्या नवऱ्याला, बोयेला मिळालं, आणि लहान घर नि झाड एल्सबेला. झाडाची एक मोठी फांदी मात्र गेशेच्या बाजूला येते. आमच्याकडे कायदा साधा आहे आणि शेंबड्या पोरालाही पाठ आहे: तुमच्या बाजूला पडलं ते तुमचं, लटकतंय ते शेजाऱ्याचं. आणि पडायचं ते आपलं आपण. हलवायचं नाही.

अकरा वर्षांपूर्वी गेशेनं हलवलं. बोयेची साठी होती, बावीस माणसं जेवायला, आणि गवतात पडलेल्या नासपत्या मोजून नऊ. तिनं दंताळं घेतलं, फांदीत अडकवलं आणि दोन झटके दिले. कुणी पाहिलं नाही असं तिला वाटलं. जेवताना एल्सबेनं ताटातली नासपती देठाला धरून सगळ्यांसमोर वर उचलली.

"देठ हिरवा आहे," ती म्हणाली. "ही आपोआप पडलेली नाही. मला मागितली असतीस तर टोपलीभर दिल्या असत्या."

एवढ्यावर गप्प बसायचं की नाही? पण गेशेच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "तुला झाड मिळालं गं, पण करून घालायला माणूस एकही मिळाला नाही. टोपलीभर ठेवून करणार काय होतीस?"

एल्सबेचं लग्न झालं नव्हतं. ते तिचं दुखणं टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. तिनं नासपती ताटात ठेवली, रुमालाची घडी केली आणि निघून गेली. त्या दिवसापासून दोघींत एक शब्द नाही. बोये गेला, तेव्हा एल्सबे दफनाला शेवटच्या रांगेत उभी राहिली आणि शेवटच्या प्रार्थनेआधी गेली. दोन परसांमध्ये सासऱ्यांनी केलेलं लहानसं फाटक होतं. भांडणानंतरच्या वसंतात गेशेनं बरोबर त्याच्यासमोर फरसबीचे बांबू रोवले आणि दरवर्षी तिथेच रोवत आली. "तिथे ऊन छान पडतं," असं सांगते. सुंभ जळतो, पण पीळ जात नाही तो असा.

तर या वर्षीचा ऑगस्टमधला सोमवार. सकाळी सात वाजता एल्सबेच्या जस्ताच्या बादलीची कडी वाजते, ती वाजली होती. ती रोज झाडाखालच्या नासपत्या वेचते, एक म्हणून गवतात राहू देत नाही. पण दहा वाजता गेशे पाला खुडायला गेली तेव्हा पलीकडच्या गवतात पाच-सहा नासपत्या तशाच पडलेल्या. बाराला त्यांच्यावर गांधीलमाश्या बसल्या होत्या. गेशेच्या मनात पाल चुकचुकली.

आपल्याला काय करायचंय, असं म्हणून ती आत गेली. काकड्या किसल्या, मीठ लावलं, पुन्हा बाहेर आली. एल्सबेची सायकल भिंतीला टेकलेली. म्हणजे बाई घरात आहे. मग वेचत का नाही? आत जाऊन तिनं प्लमच्या केकचं पीठ लाटायला घेतलं, निम्म्यात सोडलं आणि परत कुंपणाशी गेली. पलीकडची स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. मग तिला वाटलं, मुद्दाम करत असेल. मला दाखवत असेल, की बघ, सडल्या तरी चालतील, पण तुला मिळणार नाहीत. हा विचार तिला बरा वाटला, कारण त्यात तिला काही करावं लागत नव्हतं. ती मागच्या दारच्या बाकाशी उभी राहून शेंगांच्या शिरा काढत बसली, बसली म्हणजे उभीच, आणि दर दहा मिनिटांनी मान वळवून बघत राहिली.

मंगळवारी सकाळी बादलीची कडी वाजली नाही. गेशेनं कील शहरातल्या मुलीला, मारेनला फोन लावला आणि हवापाण्याच्या गोष्टी सुरू केल्या.

"आई, काय झालंय?" मारेन म्हणाली. "पाऊस पडतोय हे सांगायला तू कधी फोन करत नाहीस."

"काही नाही. तुझ्या आत्यानं कालपासून नासपत्या वेचल्या नाहीत."

"मग जाऊन बघ ना."

"मी? मी कशाला जाऊ?"

"बरं, फोन कर."

"नंबर नाही माझ्याकडे."

"आई, तो नंबर तुझ्या फोनच्या वर भिंतीवर लिहिलाय. बाबांच्या अक्षरात. आत्ता तू त्याच्याकडेच बघत असशील."

गेशे त्याच्याकडेच बघत होती. "मांस शेगडीवर आहे," म्हणाली आणि फोन ठेवला. नंबर दोनदा फिरवला, दोन्ही वेळा घंटा वाजायच्या आधी तोडला. उचलला असता तर म्हणायचं काय? कशी आहेस? अकरा वर्षांनी? मग एक युक्ती सुचली. आज पातेलं करायचंच आहे, आपल्या बाजूला नासपत्या मिळाल्यात पाच. जावं आणि सात मागाव्या. पण लगेच दुसरं मन म्हणालं, ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं हे, आणि वर मागितल्याची नामुष्की. त्या दिवशी मागितल्या नाहीत, त्या आज मागायच्या? ती कुंपणापर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. हातात शेंगांची टोपली होती म्हणून लोकांना वाटलं असेल, बाई कामात आहे.

एक वाजता वरच्या शेंगा काढायला ती स्टुलावर चढली. पानं बाजूला केली, तर फटीतून झाडाचं खोड दिसलं. खोडाशी जस्ताची बादली होती. अर्धी भरलेली, वर गांधीलमाश्यांचा थवा. वेचून झालं की बादली रिकामी करून, पुसून, पडवीत पालथी ठेवणारी बाई ती. इतक्या वर्षांत तिची बादली बाहेर राहिली नव्हती.

गेशे स्टुलावरून उतरली नाही, जवळजवळ पडली. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर दोनशे पावलं. तिनं कमरेचा सुरा काढला आणि वेल कापायला सुरुवात केली, भर बहरातला, शेंगांनी लगडलेला. दोन बांबू उपटले, फाटकावर खांदा मारला. गंजलेली बिजागरी तिसऱ्या धक्क्याला सुटली.

"एल्सबे," तिनं हाक मारली. "एल्सबे, कुठे आहेस?"

"खाली," आवाज आला. अगदी जवळून, पायाशी. भिंतीच्या तळाला तळघराची बुटकी खिडकी उघडी होती.

तळघराच्या पायऱ्यांखाली एल्सबे आडवी पडली होती. शहात्तर वर्षांची, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला, भोवती फुटलेल्या बरण्या. सोमवारी आठ वाजता बरण्या आणायला उतरली आणि पाय घसरला. हाताशी लागेल अशा फळीवर रसाच्या बाटल्या होत्या, त्यातली एक फोडून करंटचा रस प्यायली होती, म्हणून जीव राहिला होता. गेशेनं रुग्णवाहिकेला फोन केला. पस्तीस मिनिटं लागतील म्हणाले. हलवू नका म्हणाले. मग तिनं गोधडी आणली, पाणी आणलं, पुन्हा वर जायला निघाली, तेव्हा एल्सबे म्हणाली, "बस ना जरा."

गेशे काचा बाजूला सारून फरशीवर बसली.

"तुझं मांस करपेल," एल्सबे म्हणाली.

"करपू दे. कालपासून पडली आहेस? अगं, ही खिडकी उघडी आहे. माझा बाक इथून पंधरा पावलांवर. हाक का मारली नाहीस?"

"तू शेंगा मोडताना ऐकू येत होतं," एल्सबे म्हणाली. "काल सहा वेळा कुंपणाशी आलीस. आज चार वेळा. तुझ्या लाकडी चपला ओळखते मी. मोजत होते. दुसरं करायला होतं काय?"

गेशेनं एल्सबेचा हात धरला, तो बर्फासारखा गार होता. "त्या दिवशी मी बोलले ते फार वाईट बोलले," ती म्हणाली. "तेव्हाच कळलं होतं. तू रुमालाची घडी करत होतीस तेव्हाच. मला लाज वाटते त्याची, रोज वाटते."

"मग अकरा वर्षं काय करत होतीस?"

"स्वयंपाक," गेशे म्हणाली, आणि रडायला लागली. एल्सबेला हसू आलं, पण पाय दुखला म्हणून तिनं ते अर्ध्यावर सोडलं. रुग्णवाहिका येईपर्यंत गेशे तिथून उठली नाही.

खुब्याचं हाड बसवलं. एल्सबे सहा आठवड्यांनी चाकांची आधाराची चौकट ढकलत घरी आली, आणि आता दुपारचं गेशेकडेच जेवते. मीठ कमी आहे म्हणते, बटाटे जास्त शिजलेत म्हणते. गेशे म्हणते, आवडत नसेल तर स्वतः कर. एकंदरीत दोघींचं बरं चाललंय, असं बघणाऱ्याला वाटेल.

फक्त एक गोष्ट गेशेला सोसत नाही. दारात कुणी आलं की एल्सबे सांगते, "गेशे नसती तर मी मेलेच होते. वेल कापून आली ती, भर बहरातला." लोक गेशेकडे कौतुकानं बघतात. आणि गेशे काहीतरी निमित्त काढून शेगडीशी जाते, न उतू जाणाऱ्या पातेल्याचं झाकण उचलून बघते. कारण एल्सबे दहाचा आकडा कधीच कुणाला सांगत नाही. आम्हालाही तो कळला पुढे, ऑक्टोबरातल्या एका दुपारी.

पोस्टवाली इंके कॉफी घेत बसली होती. एल्सबेनं पुन्हा तीच गोष्ट लावली, वेल, फाटक, बिजागरी. इंके म्हणाली, "गेशे, तुझ्यासारखी शेजारीण मिळायला नशीब लागतं."

गेशेनं हातातला सुरा टेबलावर आपटला. "सांग ना तिला पुढचं," ती एल्सबेवर ओरडली. "दहा वेळा आले मी कुंपणाशी. दीड दिवस. दहा वेळा आले आणि दहा वेळा परत गेले. का सांगत नाहीस?"

एल्सबेनं आपल्या कपात साखर घातली, ढवळली.

"सांगेन की," ती म्हणाली. "पण मग हेही सांगावं लागेल, की मी दहाही वेळा ऐकलं आणि गप्प पडून राहिले. वाटलं होतं, मेले तर कळेल तुला, काय बोलली होतीस ते."