तोंडावरचं कापड

केसांच्या रंगाचा झोंबरा वास आला की जपानमधल्या ग्योतोकु स्टेशनजवळचं सलून आणि सासूबाई आठवतात. त्या पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि परत जाण्याआधी त्यांना केस काळेभोर करून हवे होते. रंगवणारी बाई अदबीनं सांगत होती, काळ्यापेक्षा गडद तपकिरी घ्या, पांढरी मुळं उठून दिसणार नाहीत, आणि आठवडाभर तेल लावू नका. "तेल नको म्हणजे? हिला काय कळतंय?" सासूबाई म्हणाल्या. हे जपानीत कसं सांगायचं या विचारानं मी आधीच वैतागले होते. शेवटी काळाच रंग लागला. मग केस धुवायला खुर्ची मागे कलली आणि बाईनं रिवाजाप्रमाणे त्यांच्या तोंडावर पातळ पांढरं कापड घातलं. सासूबाई ताडकन उठून बसल्या, रंग मानेवरून ओघळायला लागला. "मी अजून जिवंत आहे म्हणून सांग तिला." "आई, अहो, पाणी उडू नये म्हणून घालतात. पडा बरं." "उडू दे पाणी." पाणी फार गरम होतं का, असं विचारत बाई वाकून वाकून माफी मागत होती. कंटाळून मी खरं कारण सांगितलं, तेव्हा तिनं घाईघाईनं ते कापड दूर ठेवलं. मेलेल्या माणसाच्या तोंडावर पांढरं कापड त्यांच्याकडेही घालतात. सासूबाईंचं सलूनचं गिऱ्हाइकाचं कार्ड नव्हतं, म्हणून तिनं माझ्याच कार्डावर लिहून ठेवलं, तोंडावर कापड नको. सासूबाई वारल्या त्याला आता दोन वर्षं झाली. त्या सलूनमध्ये केस धुताना अजून माझ्या तोंडावर शिंतोडे उडतात, दर वेळी मी चिडते, आणि दर वेळी ती ओळ खोडायला सांगायचं राहून जातं.